टोकाची माणसं

उद्यापासून मासे पलीकडच्या फ्योर्डला जाणार,
गोठवणघराची किल्ली बँकेकडे.
म्हणून हा फोटो. सगळ्यांचा, एकाच चौकटीत,
हाल्बेराने बजावलंय.

एक्केचाळीस माणसं, आणि खोली अशी चिंचोळी
की माझी पाठ बर्फाच्या यंत्राला चिकटलेली.
वीस मिलिमीटरची लेन्स चढवली. सगळे मावले,
वर गमबुटांचा ढीगसुद्धा मावला.
फ्लॅशला मात्र अठ्ठावीसच्या पलीकडचं दिसत नाही,
हे मला ठाऊक होतं.
ठाऊक असूनही बटण दाबलं.

मधली पाच-सात तोंडं कॉडच्या पोटासारखी पांढरी,
हाल्बेराच्या चष्म्यात दोन सूर्य,
आणि दोन्हीकडे माणसं भिंतीत विरत गेलेली.
उजव्या टोकाला बोगुमिला, तिच्यामागे सेबूच्या दोघी बहिणी,
डाव्या टोकाला वियेस्वाफ; त्याचा नुसता कान.
दिव्याखाली अंधार म्हणतात.
इथे खाली नव्हता,
बाजूला होता.
पंगतीत वाढणाऱ्याचा हात मध्येच आखडावा
आणि कडेची पानं कोरडी राहावीत, तसा.

मग स्कीरच्या डब्याचं झाकण
रबरबँडने फ्लॅशवर बसवलं.
उजेड पसरला खरा, पण पाणी घातलेल्या ताकासारखा.
छतावर उधळून पाहिला. छत हिरव्या पत्र्याचं:
सगळे जणू आठवडाभर समुद्राच्या तळाशी.
हशा पिकला.
थोरग्रिमुर हसला नाही. त्याचा भाऊ
खरोखरच

असो.

"आपण सरळ का उभे?" बोगुमिला म्हणाली,
बारा वर्षांत जमवलेल्या मोडक्या आइसलँडिकमध्ये.
"ओळ वाकवा."
बारा वर्षं ती पट्टा वळतो तिथेच उभी आहे,
वळणावर काय होतं, तिला विचारा.

ओळ वळली. कोयत्याच्या पात्यासारखी,
टोकं माझ्याकडे आली, मध्य मागे सरला.
आता वियेस्वाफला दोन्ही डोळे मिळाले,
पण रुंद लेन्सचा हिशेब वेगळाच:
कडेच्या माणसाला ती खेचते.
त्याचं कपाळ दुधी भोपळ्याएवढं.
"चालेल," तो म्हणाला, "घरी बायको ओळखेल."

उजवा कोपरा तरीही काळवंडलेला.
दुसरा फ्लॅश होता पिशवीत, स्टँड नव्हता.
कुणीतरी तो धरायचा,
चौकटीबाहेर उभं राहून.

कुणी हललं नाही. यंत्राचा गुरगुराट तेवढा.

खानावळीच्या भिंतीवर सव्वीस फोटो आहेत,
सव्वीस वर्षांचे, आणि प्रत्येकात
मधोमध, हाताची घडी घालून, थोरग्रिमुर.
तो ओळीतून बाहेर आला.
काही बोलला नाही. फ्लॅश घेतला,
बोगुमिलाच्या पलीकडे, दाराशी, उंच धरला.
"असा?"
"जरा खाली. हां."

तो फोटो आता माझ्या टेबलावर आहे.
उजेड कोपऱ्यापर्यंत पोचलाय, जवळजवळ;
सेबूच्या धाकट्या बहिणीच्या कानातला खडाही दिसतो.
पाहणारे मोजतात, चाळीस भरतात,
मग विचारतात.

उजवीकडच्या फरशीवर
माझ्याच फ्लॅशने पाडलेली एका पंजाची सावली आहे.
मी बोट ठेवून दाखवते.
तीन बोटं मोजता येतात. उरलेली दोन
फिले करणाऱ्या यंत्राने केव्हाच घेतली होती.