चौथरा

विश्वामित्रीचं पाणी उतरलं त्याला तीन वर्षं झाली
आणि आज आमच्या दत्ताचा चौथरा भरला.

रमणभाई कडियाने थापी पुसली, म्हणाला, "लो, थई गयुं,"
आणि पोरांनी असा गलका केला,
हेत, ध्रुवी, मान्यांची जुळी,
ज्यांना दत्त म्हणजे भिंतीवरचा फोटो आणि गुरुवारचा पेढा,
की हणमंतराव रडतायत
हे मला आधी कळलंच नाही.

साधं डोळे पुसणं नव्हे.
तोंडात उपरण्याचा बोळा कोंबला तरी बाहेर येतंच, तसलं.
मग यमुनामावशी. मग घाटग्यांच्या थोरल्या वहिनी.
जुन्या देवळात आरतीला उभी राहिलेली
सात माणसं उरलीत आता. सातही.

जुनं देऊळ काही फार मोठं नव्हतं, खरं सांगते.
दहा बाय बारा. सागाचे चार खांब,
त्यातला एक कललेला; त्याला टेकायचा मान पेटीवाल्याचा.
दारावर पाटी होती: "चपला मोजून काढाव्यात."
कोणी लिहिली, का मोजायच्या, कुणालाच ठाऊक नाही.
आम्ही मोजायचो मात्र.

त्या रात्री पाणी आधी उंबऱ्याला, मग पंख्याला.
दुसऱ्या दिवशी पायरीवर मगर पहुडलेली.
कोणी म्हणालं, देवाचा पहारा आहे.
कोणी म्हणालं, जंगलखात्याला फोन लावा.
आम्ही दोन्ही केलं:
लांबून नारळ ठेवला, आणि फोनही लावला.

पादुका मिळाल्या नाहीत.
पोथी मिळाली, भिजून एकच लादी झालेली.
गच्चीवर आठ दिवस वाळवली
तरी एका अध्यायातून दुसरा अध्याय सुटेना.

मग शिर्क्यांच्या स्कूटरच्या शेडमध्ये गुरुवार सुरू झाले.
कापराला पेट्रोलचा वास. चाळीसाची अकरा माणसं झाली,
एका गुरुवारी तर मी आणि यमुनामावशी,
आणि टाळ एकच.
त्याच आठवड्यात मी आरती गुजराती अक्षरांत लिहून काढली.
नातवंडांना आपली अक्षरं येत नाहीत, काय करू?
"ळ" आहे त्यांच्याकडे, नशीब आपलं.
फक्त वरची रेघ नाही.
ओळीमागून ओळ, बिनछपराची.

हणमंतराव दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत.
सयाजीगंजात ज्यांनी तीस वर्षं गुजरातीत खातेवह्या लिहिल्या
ते मला म्हणाले होते, "देवाला वाचता यायला नको?"
मी काय उत्तर द्यायचं?
मी आणखी चाळीस प्रती काढून आणल्या.

आज त्या प्रती हातात धरून पोरं ओरडत होती,
चुकीच्या चालीत, चुकीच्या जागी श्वास घेऊन,
आणि त्यांच्या मागे ते सात जण,
आणि कुठलं ओरडणं कुणाचं
हे मला, मध्ये उभ्या असलेलीला, वेगळं करता येईना.
पलीकडच्या काठावरून धुणं पिळणारी बाई विचारत होती,
"शुं थयुं? लगन छे के मरण?"
मी हात हलवला. तिने त्याचा काय अर्थ घेतला कोण जाणे.
तिनेही हात हलवला.

मला आनंद झाला होता का? झाला होता.
पण त्या कललेल्या खांबाची जागा
डोळे शोधत राहिले,
आणि नव्या चौथऱ्यावर सगळं कसं
ओळंब्यात, सरळ.

पेढे वाटून झाले. रमणभाई हातपाय धुऊन आला.
म्हणाला, आता एकवीस दिवस याला पाणी पाजायचं,
सकाळ-संध्याकाळ, सुकू द्यायचं नाही,
सुकलं की तडा गेलाच समजा.

पाणी? यमुनामावशी एकदम हसल्या.
नाक लाल, पदर ओला, आणि हसणं थांबेना.

हणमंतराव काही बोलले नाहीत.
चपला काढल्या. पाहिलं मी, मोजल्या,
आणि शिर्क्यांच्या नळाखाली
बादली लावून
भरेपर्यंत तिथेच उभे राहिले.