अनामत

बंब आज बाहेर रस्त्यावर उभे आहेत
थंडीत, दोन तांबड्या बैलांसारखे मुकाट,
आणि आत त्यांच्या जागी, तेलाच्या डागांवर,
आम्ही मांडली आहेत मतदानाची चार टेबलं.

सकाळी सातला पहिला आला एमिल रुझिच्का.
डाव्या हाताची दोन बोटं त्यानं मका सोलायच्या यंत्राला दिलेली,
उरलेल्या तिघांनी मतपत्रिका नीट धरतो.

पुढच्या पानावर मोठी माणसं.
गव्हर्नर, सिनेटर. त्यांच्यावरून
लोक जेवताना भांडतात, ताटं तशीच राहतात.
खजिनदार मागच्या पानावर,
पाणी मंडळाच्या जरा वर.
आम्ही प्रत्येकाला सांगतो, कागद उलटा करा.
करतात. बघतात. कोण बुवा हे, म्हणतात,
आणि पेन खाली ठेवतात.

व्हिल्मा क्रेची उभी होती.
धान्याच्या कोठारावर एकतीस वर्षं हिशेब लिहिलेली बाई,
अर्ध्या सेंटाची चूक शोधायला
रात्री परत दुकान उघडायला लावणारी.
उन्हाळाभर जुनी गाडी घेऊन फिरली.
फुगे नाहीत, बाजा नाही;
खाणावळीत शिरायची, कॉफी मागायची,
वही उघडून नावं वाचायची,
ज्यांचे पैसे राज्याच्या तिजोरीत पडून आहेत
आणि न्यायला कोणी आलं नाही, त्यांची.

लॅडिस्लाव हुर्का, वीज कंपनीकडची अनामत, सत्तावीस डॉलर.
ओपल निडरमायर, बँकेच्या लॉकरातला चांदीचा चमचा, एक.
चर्चचं गायकमंडळ, बंद पडलेलं खातं, अकरा डॉलर चार सेंट.

लोक हसायचे. मग हसायचे थांबायचे.
"हे तुमचं आहे," ती म्हणायची,
"राज्य नुसतं सांभाळतंय.
आणि मागायला कोणी आलं नाही
की सांभाळणाऱ्याला ते आपलंच वाटू लागतं."
एवढंच भाषण. कॉफीचे पैसे मोजून द्यायची.

जुलैत आमच्या गावी आली तेव्हा
मी काउंटरमागे खसखशीच्या कोलाच्यांवर साखर भुरभुरत होते.
तिनं पान उलटलं.
रॉस झिमा. शेवटच्या आठवड्याचा पगार.
एकशे चाळीस डॉलर, साठ सेंट.

माझा मुलगा.
मांसाच्या कारखान्यात होता. तो पगार न्यायला
तो गेला नाही; का, ते गावाला माहीत आहे
आणि अकरा वर्षांत माझ्यासमोर कोणी बोललेलं नाही.
चाळणी हातात होती. साखर पडत राहिली
एकाच कोलाच्यावर, ढीग होईपर्यंत.
कोणीच माझ्याकडे बघत नव्हतं
आणि ते न बघणं मला ऐकू येत होतं.
तिला कुठून ठाऊक असणार.
ती पुढच्या नावावर गेली.

रात्री नऊला यंत्रानं लांबलचक पावती ओकली.
आमच्या केंद्रावर तीनशे बारा.
खजिनदार: खुर्चीतल्या माणसाला एकशे अठ्ठावीस,
तिला सत्त्याऐंशी.
कोरी सत्त्याण्णव, अनाम,
कोणाच्याच नावावर न पडलेली.

त्यातलं एक माझं.
मी कागद उलटला होता. तिचं नाव वाचलं होतं.
पेन टेकवलंसुद्धा. एक ठिपका उमटला
गोलाच्या बाहेर, तांदळाएवढ्या अंतरावर.

राज्यभरात ती पडली. चांगलीच पडली.
आम्ही टेबलं मिटली, बंब आत घेतले.

डिसेंबरात पाकीट आलं, हिशेबनिसाच्या अक्षरातलं.
आत सरकारी अर्ज, तिनं स्वतः भरलेला:
नाव, पत्ता, रक्कम. नातं: आई.
सोबत चिठ्ठी. "मला नंतर कळलं.
सही तेवढी राहिली आहे."

अर्ज खणात आहे, किराण्याच्या कुपनांखाली.
सही केली की महिन्याभरात चेक येतो म्हणतात,
आणि तिथलं त्याचं खातं मिटतं.

थांबले आहे.
लिंकनमधल्या त्या दगडी इमारतीत
कोणीतरी अजून त्याचं देणं लागतं,
आणि देणं लागतं म्हणजे
तो न्यायला येऊ शकतो.