धडा

हिरण्यकेशीच्या अलीकडे, कारखान्याच्या फाटकाशी
माझी केबिन. बाहेर पाटी दोन भाषांत,
एकीवर कुणीतरी डांबर फासलंय.
काटा मात्र आकड्यांतच बोलतो,
आणि आकडा दहा-दहा किलोंनी उडी मारतो.
मधलं काही त्याला कळत नाही.

आधी भरली गाडी, मग रिकामी.
रिकाम्या गाडीच्या वजनाला आम्ही धडा म्हणतो.
भरल्यातून धडा वजा, उरला तो ऊस.
धड्याच्या वेळी गाडीवर माणूस नको.
म्हणून रात्रभर मी खिडकीतून ओरडतो,
उतरा! इळीरी!
आणि लोक उतरतात, दोन्ही भाषांतले, मुकाट,
बोटांना चिंध्या, मिशांवर पाचटाचा भुसा.
बैलांना कुणी उतर म्हणत नाही.
बैल गाडीच्या हिशेबात आहेत.

माझे आजोबा ह्याच हुक्केरी तालुक्यात
मेलेली ढोरं ओढायचे. शिंगाला दोर, गावाबाहेर.
वेशीतून त्यांना वाट मिळायची ती ढोरामागूनच.
मग मिशनच्या ओसरीवर एस्तेरबाईनं,
लांबून नव्हे, एकाच बाकावर शेजारी बसून,
त्यांना सांगितलं
की ढोरं आणि माणूस एकाच दिवशी झाले, सहाव्या.
आजोबा म्हणाले, ते ठाऊक आहे, बाई,
दोघांची माती एकच, मी रोज अंगावरनं धुतो.
पुढचं सांगा.
पुढचं तिनं श्वासाचं सांगितलं,
देवानं वाकून नाकपुडीत फुंकलेल्या.
वाकून?
तीनदा विचारलं म्हणे आजोबांनी. वाकून?
श्वासाचं त्यांना नवल नव्हतं.

परवा पहाटे तीनला, रविवार लागलेला,
केजकडची एक बैलगाडी धड्याला आली.
आत गोणपाटावर बाई झोपलेली,
कुशीत अकरा दिवसांचं पोर.
उतरा, मी म्हटलं.
गाडीवान जूवर हात ठेवून उभा राहिला.
"दोन रात्री डोळ्याला डोळा नाही तिच्या, साहेब.
असू द्या की.
कापा तिचं वजन उसातनं."

मी बाहेर आलो. वाकून
पोर तेवढं अलगद उचललं
आणि सवयीनं आकड्याकडे पाहिलं.
हलला नव्हता.
तीन किलोही नसेल ते. काट्याच्या लेखी
गाडीवर होतं तेव्हाही नव्हतं,
उचललं तेव्हाही नाही.
माझं मनगट मात्र भरून आलेलं.
त्यानं जांभई दिली.
थंडीत तोंडातनं एवढीशी वाफ.

मागे चौदा ट्रॅक्टर. एकानं हॉर्नवर हात ठेवला
तो काढेचना. कुणी कन्नडात माझी आई काढली,
कुणी मराठीत.
मी काट्याचं बटण बंद केलं.
"किती वेळ?" गाडीवानानं विचारलं.
"उठेपर्यंत."
सुपरवायझर मगदूम मफलर सावरत धावत आला,
भोरे, एक मिनिट म्हणजे किती टन, कळतं का तुला?
कळत होतं. मी आकडा सांगितला.
त्यानं वहीत लिहून घेतला, माझी सही घेतली,
अर्ध्या दिवसाचा पगार गेला.
मग तोही थांबला, का कोण जाणे,
पोराच्या टाळूवरचं टोपडं नीट करून गेला.

सत्तावीस मिनिटं झोपली ती.
हॉर्न थकले तेव्हा जागी झाली, शांततेनं दचकून.
पदर ओढत उतरली, पोर घेतलं,
बैलांची माफी मागितल्यासारखी
दोघांच्या वशिंडावर हात फिरवला.
नाव विचारायचं राहून गेलं, तिचं आणि त्याचंही.

मी बटण चालू केलं.
आकडा चाळीसनं खाली आला.
त्या पावतीची एक प्रत माझ्याकडे आहे, खिशात,
प्रार्थनेला बसलो की कुरकुरते.
वाचाल तर त्यात
चाळीस किलो ऊस जास्त आहे.
बाकी काही लिहिलेलं नाही.