धातूचा पत्रा, एक नग

नॉर्समनच्या टेकडीवर फोनला दोन दांड्या येतात,
म्हणून आमच्या विम्याचं नूतनीकरण तिथे झालं.
लिंडसे कॅरॅव्हॅनला टेकून, मी बॉनेटवर वही ठेवून.

पलीकडच्या मुलीचं नाव टेगन.
कायमचा पत्ता? तिने विचारलं.
घर विकून तीन वर्षं झाली होती.
मी हॉर्शमचा दिला, लेकीच्या गॅरेजचा,
जिथे आमच्या नावाने आता
वीज कंपनीची जुनी पत्रं आणि एक शिडी राहते.

मग यादी.
जनरेटर. छोटा फ्रीज. गळ दोन, रिळांसकट.
लिंडसेचा रात्रीचा श्वास चालू ठेवणारं यंत्र.
हे औषधपाण्यात धरायचं की विजेच्या सामानात?
टेगन वरिष्ठांना विचारून आली. विजेच्या सामानात.
कानातली यंत्रं, जोडी.
(डावं तो लावतच नाही. हे मी बोलले नाही.)
शिवणयंत्र, मागच्याच वर्षी घेतलेलं.

आणखी काही?
लिंडसेने मान हलवली, नको.
मी तरी सांगितलं.
पलंगाखाली, गोणपाटात गुंडाळलेला
त्याच्या बापाचा पत्रा,
लोकरीच्या गठ्ठ्यांवर नाव उमटवायचा.
वर टुलक, खाली शेताचं नाव, केरिबी.
पत्र्यात अक्षरं कापलेली.
गठ्ठ्यावर धरायचा, काळा रंग फासायचा,
उचलला की गठ्ठा आपला.
मेंढ्या गेल्या, मग कुंपणं, मग केरिबी.

किंमत?
रकाना रिकामा ठेवून पुढे जाता येत नाही, टेगन म्हणाली.
मी म्हटलं, चाळीस डॉलर.
चाळीसच का, देव जाणे.
तिने लिहिलं: धातूचा पत्रा, एक नग.

अंधार पडल्यावर
कापडी छताखाली राहिलेलं सामान आमचंच,
पण विम्याचं नाही, अशी अट.
म्हणून रोज सूर्य टेकला की आमची धावपळ,
खुर्च्या आत, टेबल आत, गळ आत,
आणि मग आम्हाला आत जायला जागा नाही.
शेजारच्या तंबूतला बनबरीचा म्हातारा हसायचा,
तुमच्या खुर्च्यांसाठी कोण नलारबोर ओलांडून येणार?

सेडुनात कोणी तरी आलं.
आम्ही बंदरावर मासे खायला गेलो होतो.
दार पहारीने उचकटलेलं.
जबरदस्तीची खूण हवी, नाहीतर दावा नाही,
त्यामुळे ती फाटलेली चौकट पाहून
लिंडसे आधी म्हणाला, बरं झालं.
मग पलंगाखाली वाकला
आणि बराच वेळ वर आला नाही.

खुर्च्या जागच्या जागी होत्या.

अकराव्या दिवशी पैसे जमा.
जनरेटरचा घसारा कापला, फ्रीजचा कापला,
डॅरिल नावाच्या माणसाने फोनवर नीट समजावलं.
पत्र्याचा नाही कापला.
खरेदीचं साल ठाऊक नसल्याने
घसारा कुठून मोजायचा, त्यांना कळेना.
पूर्ण चाळीस.

मी म्हटलं, भंगारात घातला असेल.
लिंडसे म्हणाला, किलोच्या भावाने.
आणि थोड्या वेळाने, भांडी विसळता विसळता,
भोकांचं वजन नसेल झालं.

नवं दार बसलं तसे निघालो.
पंपावर त्याने आधी चाळीसचंच डिझेल भरलं,
नळी जागेवर अडकवली, पैसे देऊन आला,
आणि पुन्हा रांगेत उभं राहून बाकीचं भरलं.
मागचा ट्रकवाला भोंगा वाजवत होता.
मी काही विचारलं नाही.

गव्हाची कापणी झालेली. दोन्हीकडे खुंट.
तो मैलाचे आकडे बघत चालवत होता,
किलोमीटर म्हणायला हवं, पण तो मैलच म्हणतो.
विरुलाच्या अलीकडे, धान्याच्या कोठ्या दिसायला लागल्यावर,
त्याने उजवं कानातलं काढून खिशात ठेवलं.
इथवर बाबा, तो म्हणाला,
जरा मोठ्यानेच.

तिथून पुढे आम्ही
जनरेटरच्या पैशावर चाललो.