तराजूच्या पेटीत

यात्रेसाठी सगळे विट्यात आलेत.
दिग्या सेलमहून, सारिका बेळगावहून, अमरदादा परवा रात्री
कोचीनची एक गाडी चुकवून, दुसरी पकडून.
जेवणं झाली. आबांनी माळ्यावरून
जुन्या तराजूची पेटी काढायला लावली.
तराजू कधीच विकला. पेटीत
वजनांचे मखमली खळगे तेवढे राहिलेत
आणि त्यांवर आडवे टाकलेले आमचे फोटो.

दोन हजार तीनचा मे. गलाईचं दुकान
आबांनी अख्खा दिवस बंद ठेवलं,
कुलूप घालून तीनदा ओढून बघितलं,
आणि आम्हाला नेलं शहराबाहेरच्या
पाळण्यांच्या, घसरगुंड्यांच्या, खोट्या समुद्राच्या बागेत.

फोटो एकमेकांना चिकटलेत. सारिका
नखानं सोडवते, फुंकर मारत.
एकात माझा कान
दिग्याच्या गुडघ्यावर उमटलाय.

हा फाटकाबाहेरचा. आत डबा न्यायला बंदी,
म्हणून सगळे उभ्यानं दशम्या खाताहेत
तमिळमधल्या मोठ्या पाटीखाली.
इतकी वर्षं आम्ही तिला 'सुस्वागतम' समजत आलो.
दिग्याची पोरगी मान वाकडी करून वाचते, सांगते:
"इथे गाड्या लावू नका."
हसून हसून आईला ठसका लागतो.

हा सशाचा. आत कोण होतं कुणास ठाऊक.
मे महिना, आणि त्याचा केसाळ पंजा माझ्या खांद्यावर.
अमरदादा म्हणतो, मला ऐकू येत होतं,
तो धापा टाकत होता.
अमरदादा प्रत्येक फोटो जरा जास्तच वेळ धरतो.
काढणारे काका होते.

ही आई, लाटांच्या हौदात,
साडी फुग्यासारखी वर आलेली, दोन्ही हातांनी दाबतेय.
"हा कुणाला दाखवू नका गं," म्हणत
स्वतःच सुनेकडे सरकवते.

आबा प्रत्येकात कडेला. चपला, पिशव्या सांभाळत,
ॲसिडनं पिवळी पडलेली बोटं खिशात.
कॅमेऱ्याकडे असं बघताहेत
जसं कुणी हिणकस बांगडी समोर टाकलीय.

मग कुणीतरी तो काढतंच.
म्हणजे, जो पेटीत नाही तो.

उंचावरून कोसळणारी गाडी. शेवटच्या उतारावर
आपोआप फोटो काढणारं यंत्र,
आणि बाहेर खिडकीपाशी, पडद्यावर आमची रांग,
पुढचं गिऱ्हाईक येईपर्यंत.
दिग्या म्हणतो, आबांचं तोंड उघडं होतं, दाढा दिसत होत्या.
सारिका: टोपी उडालेली, डोळे गच्च मिटलेले.
अमरदादा: छे, ते काकूकडे बघत होते.
मला फक्त गळा आठवतो,
ताठ शिरा, आणि वर एवढं मोठं हसू
की मला वाटलं, कुणाचे तरी दुसऱ्याचे वडील
चुकून आमच्या डब्यात बसलेत.

खिडकीतल्यानं भाव सांगितला.
आबा म्हणाले, "कागदाचे एवढे?"
आणि पडद्यावर दुसरी माणसं आली.

"शंभर म्हणाला होता."
"काहीतरीच. चाळीस."
"ऐंशी गं, मी शेजारीच उभी होते."
बराच वेळ भाव चालतो.
पोरगी मध्येच विचारते,
"मग तो फोटो आत्ता कुठाय?"
कुणी बोलत नाही. बाहेर
यात्रेतल्या पाळण्याचा जनरेटर तेवढा चालू.

आबा पेटीतला एक खळगा अंगठ्यानं पुसताहेत,
सगळ्यात लहान वजनाचा.
"साठ," म्हणतात.

फोटो गोळा करतात, कडा जुळवतात,
आईचा तो हौदातला सगळ्यात खाली घालतात.
झाकण लावता लावता, आमच्याकडे न बघता:
"होते की खिशात."