सकाळी रिकामी

गुलाबी पिल्लाच्या गळ्याखाली, जरा उजव्या अंगाला,
सुपारीएवढा गोळा.
दाबला तर कणकेसारखा,
बोट उचललं तरी खड्डा तसाच.

उन्नतीने रविवारी तीन आणली होती नव्वद फुटी रस्त्यावरून,
तिच्या भाऊबिजेच्या पैशातून.
हिरवं दुसऱ्याच दिवशी गेलं.
पिवळं मांजराने.
हे राहिलं, कारण हे माझ्या मांडीला टेकून झोपायचं,
कटिंगच्या ढिगाशेजारी.

कटिंग म्हणजे शर्टाच्या शिवणीतून लोंबणारे धागे कापायचे.
नगावर पैसे.
कापलेला धागा जमिनीवर पडतो, पंख्याने जरा वळवळतो,
आणि पिल्लाला वाटतं गांडूळ.
त्याने जन्मात गांडूळ पाहिलेलं नाही.
धारावीतल्या आमच्या फरशीवर कुठून दिसणार?
तरी त्याला गांडूळ माहीत होतं.

जैबून खालाला हाक मारली. ती संगमेश्वरची,
वर पत्र्यावर तिच्या अकरा कोंबड्या.
शिडीवरून उतरली, हात पुसले, पिल्लाची चोच उघडली
आणि नाक नेलं जवळ.
"आंबलं नाय अजून. आंबलं असतं तर शिळ्या ताडीचा वास येतो.
हे नुसतं अडकलंय."

दाणा बंद.
कोमट पाणी ड्रॉपरने, थेंब थेंब, चोचीच्या कडेला.
खोबरेल, एवढंसंच.
मग दोन बोटांनी चोळायचं, गोल गोल, थांबत थांबत.
"आणि उलटं धरू नको हां.
पाणी छातीत गेलं की हातातच संपतं.
माझं एक गेलंय."
हे बोलताना ती पिल्लाकडेच बघत होती.

"खूण एकच," शिडीवर पाय ठेवता ठेवता म्हणाली,
"रात्री पिशवी भरलेली चालते.
सकाळी रिकामी हवी."

मला हसू आलं, मग आलं नाही.
आमच्या घरात सकाळी रिकामं, ही कधीच
चांगली बातमी नव्हती.

दीडशे नग बाकी होते. आठला दिलदारचा टेम्पो.
एका हातात पिल्लू असलं की कातर चालत नाही,
शर्ट धरायला दुसरा हात लागतो.
उजव्या अंगठ्याला तेरा वर्षांचा घट्टा,
त्याला कळेना गोळा मऊ होतोय
की मीच थकतेय.
म्हणून डाव्या हाताने चोळलं.
डाव्या हाताला अजून काही काही कळतं.

दोन वाजता बदामाएवढा.
मध्ये उन्नती उठली, विचारलं, मेलं का?
नाही म्हटल्यावर लगेच झोपली.
अडीच-तीनला मी पिल्लू बुटाच्या खोक्यात ठेवून
थोडे नग उरकले, पुन्हा काढलं.
ते चिडलं होतं. बरं वाटलं.

साडेपाचला वर्तमानपत्रावर धागा दिसला.
शेपटीखाली लोंबत होता, ओला,
नेव्ही ब्लू, ह्याच ऑर्डरचा.
ओढावासा वाटला. हातात कातर होती.
नाही ओढला. नाही कापला.
ज्या कामाचे मला पैसे मिळतात
ते पहिल्यांदाच केलं नाही.
पाऊण तासाने तो आपला आपण पडला.

गळ्याखाली बोट नेलं.
कातडी कातडीला लागली.

दिलदारने नग मोजले. सत्त्याऐंशी कमी.
वहीत लिहिले, पेन कानावर ठेवलं,
खोक्यातून आवाज आला तेव्हा वळून बघितलंसुद्धा नाही.

आता मी चादर अंथरून कापते, चादर दारात झटकते.
चहा ठेवायच्या आधी पिल्लाचा गळा.
गुलाबीखालून पांढरं पीस यायला लागलंय,
उन्नतीला ते आवडलेलं नाही.

काल संध्याकाळी पिशवीत पुन्हा काहीतरी लागलं
आणि माझा हात थांबला.
तांदूळ होते.
डाव्या बोटाखाली एकेक सुटा.
मोजले. सात. आठवा असेल,
पण ते निसटून पळालं.