दोर

बाबांच्या एका दोरात चार दोर आहेत.
पोहऱ्याला बांधलेला उंटाच्या केसांचा,
आजोबांनी वळलेला, सहा हात.
तेव्हा तेवढ्यात पाणी लागायचं.
त्याला जोडून घोड्याच्या शेपटीचा, तीन हात,
मी वसतिगृहाच्या शाळेत गेले त्या सालचा.
मग कुणा ट्रकवाल्याने दिलेला ताग.
मग निळा नायलॉन, तो एकटाच अकरा हात,
त्याची गाठ अजून नवी आहे,
तळव्याला लागते.

पोहरा तोच. टायरचा कापून शिवलेला.

खाणीवर मी पाण्याचा टँकर चालवते.
तीस हजार लिटर, पाळीला अकरा खेपा.
मागच्या नळ्यांतून मोराच्या पिसाऱ्यासारखं पाणी सुटतं
(मोर मी फक्त कॅलेंडरवर पाहिलाय)
आणि रस्ता काळा होतो.
गोबीच्या वाऱ्यात वीस मिनिटं काळा राहतो,
मग परत पांढरा.
तांबं वाहणाऱ्या गाड्यांपुढे धूळ उठू नये,
एवढंच माझं काम.
ते मी नीट करते. फलकावर दोनदा नाव लागलंय:
नारनमंदाख, दुसरी पाळी, अपघात शून्य.

सुट्टी संपवून निघाले की आई
लाकडी पळीने दूध शिंपडते गाडीमागे.
वाट पांढरी व्हावी, लेक सुखरूप पोचावी.
एक पळी. फार तर दोन.
वाळू ते कधी पिते कळतसुद्धा नाही.
मी आरशात बघत राहते.
दुसऱ्या दिवशी पहाटे नळ्या उघडते
तेव्हाही आरशातच बघते.

वसंतात कंपनीची मुलगी आली. शहरातली, पण बरी होती.
विहिरीत फीत सोडली, म्हणाली,
पाण्याला टेकली की वाजेल.
बाबा कठड्याशी कान देऊन बसले.
फीत उतरत राहिली,
उंट रवंथ करायचे थांबल्यासारखे वाटले,
आणि मग खूप खालून
काहीतरी बारीक वाजलं.
तिने आकडा लिहिला.
म्हणाली, खाणीचं पाणी वेगळं, आजोबा,
ते तळमजल्यावरचं. तुमचं वरच्या मजल्यावरचं.
मधे चिकणमाती. एकाचं दुसऱ्याला लागत नाही.

बाबा जन्मभर गेरमध्ये राहिले.
त्यांनी विचारलं, जिना कुठे आहे?

तिने पेनाचं टोपण लावलं.
चहा मात्र सगळा प्यायली, आमचा खारा, दुधाचा,
आणि वाटी दोन्ही हातांनी परत दिली.

आडात आहे की नाही ते पोहऱ्याला कळतं,
आणि आमचा पोहरा
दर वर्षी थोडा उशिरा सांगतो.

ऑगस्टमध्ये मी दोन कॅन भरून आणले,
सीटखाली, कामाच्या जाकिटात गुंडाळून.
कुठून, असं कुणी विचारलं नाही.
बाबांनी ओंजळीत घेऊन वास घेतला, चव घेतली.
“याने ऊन पाहिलेलं नाही,” म्हणाले.
मग कुंडीत ओतलं.
कान फाटलेली म्हातारी उंटीण आली, प्यायली,
कुंडीचा तळ चाटत राहिली.
जनावराला काय.

“किती खोलवरचं?”
मी ऐकलेलं सांगितलं: दोनशे मीटर. कदाचित जास्त.
ते बराच वेळ हात मोजत बसले, कोपरापासून बोटांपर्यंत,
मनातल्या मनात, ओठ हलवत.
मग म्हणाले,
“सगळा कळप भादरला तरी
एवढा दोर व्हायचा नाही.”

निघताना आई पळी घेऊन बाहेर आली.
राहू दे, म्हटलं मी.
तिने ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी चौथ्या खेपेला, वळणानंतर,
मी नळ्या बंद केल्या.
आरशात रस्ता उठून उभा राहिला,
मागच्या गाडीचे दिवे आधी पिवळे, मग नाहीत.
रेडिओवर माणूस ओरडला: टँकर सात, काय झालं?
मी म्हटलं, नळी तुंबली आहे.
तुंबली नव्हती.

मग उघडली.
भावाच्या मोटारसायकलचे चार हप्ते राहिलेत.